डोलकाठीवरचा शेंदूर

नारळ फुटला होता, त्यामुळे आता बघण्यासारखं काही उरलं नाही, असं काकांचं म्हणणं होतं. पुण्याहून मी सुट्टीला घरी पोचलो, पायातल्या वहाणाही अजून काढल्या नव्हत्या, तेव्हाच त्यांनी हे मला ऐकवलं. आईने एवढंच सांगितलं होतं की वाडीसाठी शिडाची होडी ठरली आहे, जुनी आहे पण मोठी आहे. आणि मी सहज विचारलं होतं, "नीट बघून घेतली ना?"

"आमी काय आंधळं हाय व्हय?" काका ओसरीवरून म्हणाले. "एक वरीस कालेजात काढलं न्हाई तर पारखी झाला. हातपाय धू आदी."

काकांपुढे गप्प बसायची मला सवय होती. वडील गेल्यावर घर त्यांनीच चालवलं, आणि मला शिकायला पाठवू नये असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आमच्या घरातून, किंबहुना वाडीतूनच, कॉलेजात गेलेला मी पहिला. आईने हट्ट धरला म्हणून मी गेलो. त्या हट्टाचा राग काका माझ्यावर काढत, कारण वहिनीवर काढता येत नसे.

आमची वाडी मुळशीच्या धरणाच्या पलीकडच्या काठावर. मूळ गाव पाण्यात गेलं तेव्हा आमची माणसं डोंगराच्या अंगाला सरकली आणि सडक समोरच्या काठाला राहिली. मीठ, रॉकेल, कापड, दवाखाना, सगळं समोर. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठाकाठाने चालत जाता येई. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत सडकेला लागे. पावसाळ्यात मधले ओढे भरत आणि त्या वाटेचा भरवसा राहत नसे. वाडीची स्वतःची एक होडी होती, ती फुटून गेली होती. मागचा पावसाळा होडीशिवाय काढला, आणि त्याच पावसाळ्यात आई मिठाचं गाठोडं घेऊन येताना ओढ्यात पडली. पाण्याने तिला बरंच खाली नेलं. उंबराच्या एका मुळीला धरून ती वाचली, पण तेव्हापासून तिचा उजवा पाय नीट पडत नसे. होडी ठरल्याचं सांगताना तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी पाहिलं होतं. खरं तर म्हणूनच मी तो प्रश्न विचारला.

होडी विकणारा कोळशाचा ठेकेदार होता. आमच्या बाजूच्या जंगलात त्याच्या भट्ट्या होत्या आणि कोळशाची पोती तो या होडीतून सडकेला नेत असे. जंगलाचा तुकडा संपला, भट्ट्या विझल्या, होडी चालवणारा कोकणातला तांडेल आपल्या गावी परत गेला आणि होडी ठेकेदाराला नकोशी झाली. बदल्यात वाडीने त्या वर्षीचा सगळा हिरडा त्याला द्यायचा होता. हा हिरडा बायकांनी रान पालथं घालून गोळा केलेला, अंगणात वाळवलेला, घराघरांत पोती भरून ठेवलेला. म्हणजे होडी बायकांच्या कष्टावर येणार होती. ठरवली मात्र पुरुषांनी, आणि पुरुषांमध्येही काकांनी.

शिडाच्या होडीबद्दल मला जे थोडंफार कळत होतं ते पुस्तकातलं नव्हतं. कॉलेजच्या वर्षात रविवारी मी खडकवासल्याला जात असे. तिथे काही हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या होत्या. त्या घासायच्या, लाकडाला तेल द्यायचं, दोऱ्या वाळत घालायच्या, असं काम मला मिळालं होतं आणि त्यावर माझ्या खाणावळीचं भागत होतं. कोणी जुनी होडी विकायला आणली की ती तपासली जाताना मी सामान धरून उभा राही. त्यातून इतकं समजलं होतं की होडी गळकी असली तर ती पाण्यात घातल्यावर दिसतेच, पण डोलकाठीचं दुखणं दिसत नाही. शीड जिच्यावर चढतं ती ही उंच काठी वाऱ्याचा सगळा जोर अंगावर घेते, आणि तो जोर खाली बुडाशी येतो, जिथे ती आडव्या फळीतून जाऊन तळाच्या खाचेत बसते. पाणी साचतं तेही तिथेच. म्हणून आधी बूड बघायचं. उभी चीर लाकडाला असतेच, तिला फार भ्यायचं नाही. आडवी चीर दिसली तर काठी सोडून द्यायची.

रात्री जेवताना मी हे काकांना सांगायचा प्रयत्न केला.

"ठोकून बघितली म्या," काका म्हणाले. "कुऱ्हाडीच्या माथ्यानं. खणखण वाजती. एक चीर व्हती, तितं शेठकडनं लोखंडी कडं मारून घेतलं. फुकाट."

"कुठे ठोकून बघितली?"

"कुटं म्हंजी? हाताला आली तितं."

आमच्याकडे घराचा खांब आणि गाडीची दांडी अशीच पारखतात. उभं राहून, हात पोचेल तिथे.

"बुडाला ठोकलं का?"

काकांनी घास ताटात ठेवला. "बुडाला देव हाय."

आईने मला डोळ्यांनी दटावलं. देव कसला ते तिने नंतर सांगितलं. काठीच्या बुडाशी शेंदूर होता. काका आणि बाकीचे होडी बघायला गेले तेव्हा त्यांनी तो पाहिला, वहाणा काढल्या, आणि बोलणी सुरू व्हायच्या आधीच तिथे नारळ फोडला. देवापुढे नुसतं कसं उभं राहायचं, म्हणून. पण आमच्याकडे व्यवहारात नारळ फुटला की शब्द दिला गेला. त्यानंतर खोट काढणं म्हणजे देवाला दिलेला शब्द मोडणं. ठेकेदाराला घासाघीस अशी करावीच लागली नाही.

"तू जा त्यांच्यासंगं होडी आनायला," आई म्हणाली. "बघायचं ते बघ. पर तोंड उघडू नगंस. मला हितं रोज त्यांच्यात ऱ्हायचंय."

होडी आणायला आम्ही सकाळी काठाकाठाने निघालो. काका सगळ्यांत पुढे होते आणि मी सगळ्यांत मागे. आमचा शेजारी, ज्याला कशावरही बोलल्याशिवाय चैन पडत नसे, मध्ये होता.

"कारभारी, पोराला म्होरं घ्या की," तो काकांना म्हणाला. "पुन्याचा साहेब आनलाय आन् मागं चालवताय."

"मागंच बरं हाय," काका म्हणाले. "म्होरं आला की बोलतंय."

ठेकेदाराचा अड्डा सडकेच्या खाली, उतरत्या काठावर होता. कोळसा उचलून नेला होता, पण जमीन काळी राहिली होती. होडी पाण्याच्या कडेला, वाळून भेगाळलेल्या चिखलात दगडांच्या आधाराने उभी होती. फळ्या काळ्या, दोऱ्या काळ्या, गुंडाळून ठेवलेलं शीडसुद्धा राखेच्या रंगाचं. ठेकेदार खोक्यावर बसून पान लावत होता.

"या पाटील," तो काकांना म्हणाला. काका पाटील नव्हते, पण त्यांना ते आवडलं. "माल तुमचाच आहे, घेऊन जा. हिरडा कधी देताय?"

"होडी पोचली की तिच्यातच भरून धाडतो, शेठ."

सगळे वहाणा काढून होडीत चढले आणि एकेक जण काठीच्या बुडाशी वाकला. मीही वाकलो, आणि खोटं नाही, मनापासून वाकलो. वाकल्यावर नाकात तेलाचा वास गेला. ताजा वास होता. आडव्या फळीपासून खाली तळापर्यंत शेंदूर थापला होता, बोटभर जाड, केशरी आणि चकचकीत. मी हात लावून डोळ्यांना लावला आणि बोटांकडे पाहिलं. ती केशरी झाली होती, नुसती केशरी.

मला काय खटकलं ते लगेच समजलं नाही. मग फळीवर टेकलेला दुसरा हात पाहिला. तो काळा झाला होता. या होडीतून इतका कोळसा वाहिला गेला. तेलकट शेंदरावर त्याची भुकटी बसल्याशिवाय कशी राहील? मी वर पाहिलं. डोक्याच्याही वर, काठीवर शेंदराचा एक लहान टिळा होता, सुकलेला आणि कोळशाने जवळजवळ काळा पडलेला. तांडेलाचा देव तो होता. खालचा शेंदूर भट्ट्या विझल्यावर कोणीतरी लावलेला होता.

"शेठ," मी म्हणालो. तो पानाला चुना लावतच राहिला. "शेठ, हा खालचा शेंदूर कधी लावला?"

"हा कोण?" ठेकेदाराने काकांना विचारलं.

"पुतन्या माजा. पुन्याला शिकतोय."

"काय शिकतोय? देवाची जन्मतारीख काढायला?"

सगळे हसले. काकाही हसले, पण माझ्यावर डोळे रोखून.

आईने तोंड उघडू नको म्हणून सांगितलं होतं, आणि ते आता उघडलं गेलं होतं. मी बुडाशी बसलो आणि एक डोळा मिटून काठीच्या रेषेने वर पाहिलं. काठी सरळ होती. शेंड्याला थोडा बाक होता, तेवढा चालतो. काकांनी मारून घेतलेलं कडं मधोमध दिसत होतं.

"ही उभी चीर आहे," मी म्हणालो. "हिच्यामुळे काही बिघडत नाही. कडं नसतं तरी चाललं असतं."

"मंग म्या येडा म्हून मारून घेतलं व्हय?"

"ऱ्हाऊ द्या की कारभारी," शेजारी म्हणाला. "कडं नवं हाय. होडी न्हाई चालली तर त्येवढं काढून मोटंला बसवू."

"बूड बघायला पाहिजे," मी म्हणालो. "शेंदूर जरासा बाजूला करून. चाकूचं टोक नुसतं टेकवलं तरी..."

ठेकेदार खोक्यावरून उठला. "पाटील, देवाला चाकू लावायचा? हे तुमच्या घरचं वळण? मी कोळशातला माणूस, पण असलं पाप माझ्या हातून कधी झालं नाही."

काकांनी माझं मनगट धरलं आणि मला होडीतून खाली ओढलं. गुडघा फळीवर आपटला. "घरी जा," ते दात आवळून म्हणाले. "आत्ताच्या आत्ता चालाय लाग. शिकून शिकून देवाला भोसकाया निगाला."

बाकीचेही काही बोलले. कोणी म्हणालं, आईचं लाड. कोणी म्हणालं, बाप असता तर. मी वाळल्या चिखलात उभा राहिलो, गेलो नाही. जावं असं वाटत होतं. पण होडीत बायकांना कुठे बसवतात ते मला माहीत होतं. मधोमध, काठीच्या बुडाला टेकून, पोती मांडीशी घेऊन. भर पाण्यात घाटावरून वारा सुटला, शीड फुगलं आणि काठी बुडातून गेली, तर ती कोणाच्या अंगावर येणार हे विचारायला नको होतं.

आणि मग मला वाघजाईची आठवण झाली. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या आजोबांनी देवीची शिळा जुन्या गावातून वर आणली. आणण्याआधी तिच्यावरचा शेंदूर उतरवून पानात घेतला, देवीला त्या पानात बसायची विनंती केली, आणि मग नुसता दगड हलवला. देव बसलेला असताना जागा हलवायची नाही. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो होतो, आणि सांगणारे काकाच होते. देवीच्या पूजेचा मान आमच्या घरात, म्हणजे त्यांच्याकडे होता.

"काका," मी खालून म्हणालो, "देव बसलेला असताना होडी हलवायची का? वाघजाईला आणलं तेव्हा आधी उतरवून घेतलं होतं ना?"

हे मी मनापासून म्हणालो की चाकू चालला नाही म्हणून, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा दोन्ही खरं होतं.

काकांनी वळून काठीच्या बुडाकडे पाहिलं.

"त्याची काही गरज नाही," ठेकेदार म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला. "होडीतला देव होडीबरोबर जातो. इतकी वर्षं पाण्यावर फिरतोच आहे की तो."

तसं पाहिलं तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर काकांनीच कदाचित तेच सांगितलं असतं. पण देवाच्या बाबतीत कशाची गरज आहे आणि कशाची नाही हे कोळशाच्या ठेकेदाराने काकांना सांगावं, तेही वाडीतल्या माणसांदेखत, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

"शेठ," ते म्हणाले, "गरज हाय का न्हाई ते आमी बघू. मान आमचा हाय."

"अहो पाटील, पोराच्या नादाला..."

"पोराचं काय घिऊन बसलाय. म्या बोलतोय."

काकांनी धरणाच्या पाण्यात हातपाय धुतले. शेजाऱ्याने पळसाची पानं तोडून आणली. काका बुडाशी बसले, काही पुटपुटले, पाणी शिंपडलं, आणि शेंदराच्या कडेला दोन्ही अंगठे लावून दाबले. जुना शेंदूर असा सुटत नाही, तो दगडासारखा घट्ट होतो. हा लोण्यासारखा सुटला. मोठा तुकडा पानात आला. त्याच्यामागे डांबरात बुडवलेली गोणपाटाची चिंधी आली. चिंधीमागे लाकूड आलं, त्याला लाकूड म्हणायचं तर. भिजलेल्या पेंडीसारखं तपकिरी आणि ओलं. काकांचा एक अंगठा काठीत पेरापर्यंत रुतला होता. तो त्यांनी बराच वेळ बाहेर काढला नाही.

मी पुन्हा होडीत चढलो. या वेळी कोणी अडवलं नाही. बोटाने उकरत मी काठीच्या भोवती फिरलो. एका अंगाला लाकूड अजून घट्ट होतं, पण त्या घट्ट भागातच, फळीच्या किंचित खाली, आडवी चीर गेली होती. केसाएवढी बारीक, पण नख तिच्यात अडकत होतं. मी ती काकांना दाखवली. ते चिरेकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

"झालं समाधान तुजं?" ते म्हणाले.

"लाकूड आहे ते," ठेकेदार म्हणाला. त्याने पान तोंडात घातलं होतं आणि आता त्याला घाई दिसत नव्हती. "पाण्यात राहणार, थोडं मऊ होणारच. याच काठीवर माझा शेवटचा कोळसा गेला. आणि नारळ फोडलात तेव्हा डोळे कुठे होते, पाटील? व्यवहार झालाय. होडी न्या नाहीतर इथेच ठेवा, हिरडा माझा."

"नुसती होडी द्या," शेजारी म्हणाला. "काठीचा हिशेब वजा करा."

"होडी आणि काठी एकत्र ठरलीय. मी काय लाकडं सुटी विकायला बसलोय?"

तशीही नुसती होडी आमच्या कामाची नव्हती. ते जड धूड पावसाळी वाऱ्यात भरल्या ओझ्याने वल्ह्यांवर हलणार नव्हतं, आणि तसली उंच काठी कोकणातून आणवायची म्हटलं तर पावसाआधी जमणार नव्हतं. हे तिथे सगळ्यांनाच कळत होतं. ठेकेदारालाही.

काकांनी पळसाचं पान दोन्ही हातांत घेतलं आणि उभे राहिले.

"नारळ कुनाला फोडला आमी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमाला फोडला, का काठीला फोडला, का देवाला फोडला?"

ठेकेदार पान चघळत राहिला.

"देवाला फोडला. शब्द देवाला दिला," काका म्हणाले. "देव ह्यो बघा हितं. ह्याला आमी वाडीला नेतोय, आमच्या देवीपाशी बसवतोय. शब्द मोडला न्हाई. काठीत आता देव न्हाई, निसतं लाकूड हाय. तुमचं लाकूड तुमी जाळा. कोळसा करा."

ठेकेदाराने मग ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. त्यातल्या निम्म्या माझ्या नावाने होत्या. पुढे जंगलतोडीचा ठेका निघेल तेव्हा आमच्या वाडीचं एक माणूस भट्टीच्या कामावर उभं करणार नाही असं तो म्हणाला, आणि तेवढं त्याने खरं करून दाखवलं.

परतीच्या वाटेवर शेजाऱ्याने काकांचं कौतुक करायला सुरुवात केली, तर काका त्याला "गप" म्हणाले. पान दोन्ही हातांत धरून ते सावकाश चालत होते. पहिला ओढा ओलांडल्यावर ते मागे न बघता बोलले.

"तुला काय वाटलं, मला कळलं न्हाई? देवाला उतरवा म्हनालास ते कशापायी?"

मी त्यांच्या मागून चालत राहिलो.

"आज तू देव वापरलास. पुन्यात ह्येच शिकवत्यात?"

तुम्हीही वापरलात, असं तोंडाशी आलं होतं. त्यांच्या हातातल्या पानाकडे पाहिलं आणि बोललो नाही. त्यांनी ते इतकं जपून धरलं होतं की मी चुकीचा ठरलो असतो.

काही जण पुढे निघून गेले होते, त्यामुळे वाडीत आमच्या आधी बातमी पोचली होती. अंगणात बायका बसल्या होत्या. त्यांना काठी कुजकी होती हे कळलं होतं, ठेकेदाराने फसवलं हेही कळलं होतं, पण त्यांना दिसत होतं ते इतकंच की सकाळी होडी होती आणि आता नाही.

"बरं झालं बाई," शेजाऱ्याची बायको मोठ्याने म्हणाली, माझ्याकडे पाठ करून. "हिरडा आता डोक्यावरनं पौडाच्या बाजाराला न्यायचा. आमच्या डोक्यास्नी कामच नव्हतं."

आई आत चुलीपाशी होती. मी जाऊन बसलो.

"कुजकी व्हती?" तिने विचारलं.

"होय."

"समदी?"

"नाही. बुडाला."

"मंग एक पावसाळा बी निगाला नसता?"

मी विचार केला. तिला खोटं सांगायचं नव्हतं. काठी पहिल्याच वाऱ्याला गेली असती किंवा दिवाळीपर्यंत टिकलीही असती. वारा कसा सुटतो, शीड किती उघडतात, ओझं किती, यावर ते होतं. खडकवासल्याला मी काठ्या नाकारलेल्या पाहिल्या होत्या. नाकारलेली काठी पुढे मोडली की नाही ते कोणी बघायला जात नसे.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"सांगता येत न्हाई, तर बोललास कशाला?"

तिच्या आवाजात राग होता, आणि तो काकांच्या रागापेक्षा मला जड गेला. काठी मोडली असती तर तुझ्या अंगावर पडली असती, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या सुट्टीत वाडीत माझ्याशी फारसं कोणी बोललं नाही. काका तर निघेपर्यंत बोलले नाहीत. उरलेली सुट्टी मी हिरड्याची पोती बांधण्यात घालवली. कॉलेज उघडायची वेळ आली तेव्हा ओढ्यांना पाणी आलं होतं, आणि बायका हिरडा घेऊन पौडच्या बाजाराला निघाल्या होत्या. मीही एक पोतं डोक्यावर घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. माझी पेटी शेजाऱ्याने घेतली होती. वाटेत बायका आपसात बोलत होत्या, माझ्याशी नाही. आई मागे पडत होती. मी थांबलो की ती म्हणे, "तू चाल."

मागच्या वर्षी जिथे ती पडली होती त्या ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं. बायका एकमेकींचे हात धरून पलीकडे गेल्या. मी माझं पोतं पलीकडे ठेवून परत आलो आणि पाण्यात उभं राहून आईपुढे हात केला.

तिने हात धरला नाही. डोक्यावरचं पोतं उतरवलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं.

"हे ने आदी," ती म्हणाली. "भिजलं तर कोन घेनार न्हाई. मी येते माजी."

पोतं घेऊन मी पलीकडे गेलो आणि काठावर उभा राहिलो. ती लुगडं खोचून पाण्यात उतरली. उजवा पाय प्रत्येक वेळी आधी चाचपून टेकवत, कोणाकडे न बघता, ती ओढा ओलांडत राहिली, आणि ती या काठाला लागेपर्यंत मला तिथून हलता आलं नाही.